किती टाकू?

"काका, किती टाकू?"

पंपावर हवेच्या नळीपाशी गाडी लावली की पोरगा विचारतो आणि आपण सांगून मोकळे होतो, "पस्तीस टाकून दे." पस्तीसच का? मेव्हण्याच्या गाडीत पस्तीस असते. मागच्या वेळीही पस्तीसच टाकली होती. मागे दोन गाड्या खोळंबल्यात, काहीतरी आकडा सांगायलाच हवा. पोराने विचारलं ते बरोबरच केलं. ज्याची गाडी त्याला आकडा माहीत हवा. आपल्याला तो माहीत नसतो, तरी आपण ठासून सांगतो. माझं भांडण या ठासून सांगण्याशी आहे.

आमच्या संग्रामपूर तालुक्यात गाड्या वाढल्या. वरवट बकाल, सोनाळा, टुनकी, पातुर्डा, बावनबीर, कुठल्याही गावात शिरा, गल्लीच्या तोंडाशी चारचाकी उभी दिसते. कुणी कापूस-सोयाबीनच्या पैशांतून घेतली, कुणी हप्त्यावर, कुणी पुण्याला नोकरीला लागलेल्या मुलाच्या भरवशावर. त्या गाडीचं लिंबू-मिरची कोणत्या वारी बदलायचं हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. हवा कोणत्या वारी बघायची, हे ठरलेलं घर मला अजून भेटलेलं नाही.

उत्तर गाडीवरच लिहिलेलं असतं. चालकाच्या बाजूचं दार उघडा. दार जिथे येऊन बसतं त्या खांबावर, खालच्या अंगाला, तळहाताएवढा स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर पुढच्या चाकाचा आकडा, मागच्या चाकाचा आकडा, आणि बहुतेक गाड्यांत दोन रांगा: थोडी माणसं असताना किती, गाडी भरलेली असताना किती. आकडे पीएसआयमध्ये नसले तर गोंधळू नका. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. २३० किलोपास्कल म्हणजे साधारण ३३. माझ्या गाडीचा स्टिकर धुळीने बुजला होता. ओल्या फडक्याने पुसला तेव्हा ३३ दिसलं, आणि त्याच्याखाली, गाडी भरलेली असताना मागच्या चाकांना ३६. पस्तीस कुठेच नव्हतं.

काही जण खांबाकडे न बघता टायरकडे बघतात. टायरच्या कडेवर ४४, ५१ असे आकडे कोरलेले असतात, किंवा ३००, ३५० किलोपास्कल. हा त्या टायरने सोसायचा जास्तीत जास्त दाब. भरायचा दाब तो नव्हे. तोच टायर हलक्या गाडीलाही बसतो आणि जड गाडीलाही. गाडीचं वजन किती, ते पुढे किती आणि मागे किती येतं, हे टायर बनवणाऱ्याला तिथे लिहिता येत नाही. ते गाडी बनवणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून त्याचा आकडा दाराच्या खांबावर. टायरवरचा आकडा बघून ४४ भरलेली गाडी मी वरवट बकालच्या रस्त्यावर चालवून पाहिली आहे. काळ्या मातीवरचा आमचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो, त्यामुळे डांबराला लाटा आलेल्या असतात. त्या लाटांवर गाडी चेंडूसारखी उडत होती, आणि ब्रेक मारला तर बारीक गिट्टीवरून घसरत होती. टायर मधोमध फुगला की रस्त्याला टेकतो तेवढा मधलाच पट्टा.

रस्त्याला टेकतं तरी किती? हिशेब सोपा आहे. बाराशे किलोची गाडी, चार चाकं, प्रत्येकावर तीनशे किलो. ३३ पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण २.३ किलो. भागाकार केला तर १३० चौरस सेंटिमीटर. बोटं धरून तळहात होतो तेवढं. असे चार तळहात, आणि त्यांच्यावर आपण बायको, मुलं, म्हातारी आई यांना बसवून ताशी शंभरने निघतो. त्या तळहातांच्या आत काय आहे, हे महिन्यातून एकदा बघायला दहा मिनिटं जातात.

आता "टायर फुटला" या वाक्याकडे येतो. अपघाताची बातमी आली की ते वाक्य सगळ्यात आधी येतं. टायर फुटला, आता काय करणार, नशीब. मोबाइलवर बोलत होता म्हणालं की दोष लागतो, झोप लागली म्हणालं की दोष लागतो. टायर फुटला म्हणालं की दोष कुणालाच लागत नाही. विमा कंपनीनेही हेच वाक्य धरून पाहिलं होतं. २०१० च्या ऑक्टोबरात पुण्याहून मुंबईला निघालेल्या गाडीचं मागचं चाक फुटलं, गाडी दरीत गेली आणि आत बसलेला एक कमावता माणूस गेला. मोटार अपघात न्यायाधिकरणाने त्याच्या कुटुंबाला सव्वा कोटीची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं असं की टायर फुटणं ही देवाची करणी, त्यात चालकाचा हलगर्जीपणा कुठे? २०२३ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ते म्हणणं फेटाळलं. टायर फुटणं ही देवाची करणी नाही, माणसाचा निष्काळजीपणा आहे, आणि अतिवेग, कमी हवा, जास्त हवा, सेकंडहँड टायर, तापमान ही त्याची कारणं आहेत, असं न्यायालयाने नोंदवलं. प्रवासाला निघण्याआधी टायर तपासणं हे चालकाचं काम आहे, हेही. हा निकाल आरटीओच्या दारावर मराठीत छापून लावायला हवा. लायसन्स काढायला येणाऱ्या प्रत्येक पोराने तो वाचूनच आत जावं.

आणि आमच्याच जिल्ह्यातली १ जुलै २०२३ ची रात्र. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटून पेटली. पंचवीस जीव गेले. सकाळी पहिलं वाक्य तेच होतं. चालकाने सांगितलं, टायर फुटला. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने तपासणी केली तेव्हा तिथे ना फुटलेल्या रबराचे तुकडे मिळाले, ना रस्त्यावर तशा खुणा. टायर फुटल्याची शक्यता त्यांच्या अहवालाने बाजूला सारली. पंचवीस घरं उजाडल्यावरही सगळ्यात आधी जिभेवर आलं ते ज्यात कुणाचाच दोष नसतो ते कारण. न फुटलेल्या टायरवर आपण इतक्या सहज विश्वास ठेवतो, म्हणूनच खरोखर फुटणाऱ्या टायरकडे कुणी बघत नाही.

खरोखर फुटतात तेव्हा कसे फुटतात? बहुतेकांना वाटतं जास्त हवेने, फुगा फुटावा तसे. रस्त्यावर जास्त घात करते ती कमी हवा. हवा कमी असली की चाकाची बाजू रस्त्याला लागताना दबते, सुटताना सरळ होते. गाडीच्या चाकाचा घेर पावणेदोन-दोन मीटर धरा. ताशी १२० चा वेग असेल, तर चाकाचा प्रत्येक भाग सेकंदाला सतरा वेळा दबतो. तासाला एकसष्ट हजार वेळा. लोखंडी तार हाताने मागेपुढे वाकवून तोडली असेल तर आठवा, तुटायच्या आधी ती वाकल्या जागी चटका बसेल इतकी गरम होते. टायरच्या आतल्या तारा आणि धागे रबरात असेच तापतात. रबर त्यांना सोडू लागतं, थर सुटतो, आणि मग तो आवाज. समृद्धीवर चारचाकीला १२० ची मुभा आहे, रस्ता सरळ आहे, चहाला थांबायचं मन होत नाही. लोक काँक्रीटला बोल लावतात. संग्रामपूर-शेगाव रस्त्यावर खड्डे, बैलगाड्या आणि म्हशी आपल्याला दर दोन मिनिटांनी ब्रेक मारायला लावतात, चाकाला थंड व्हायला वेळ मिळतो. समृद्धीवर तो मिळत नाही. जी कमी हवा गावच्या रस्त्यावर वर्षभर खपून गेली, ती तिथे दोन तासांत उघडी पडते. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर शिरण्याआधी टायर तपासून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ते उत्तम केलं. पण नक्षी डोळ्यांना दिसते. हवा दिसत नाही.

हवा दिसत नाही, हे आमच्या तालुक्याला समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. आम्ही खारपाण पट्ट्यातली माणसं. पूर्णेच्या काठचं बोअरचं पाणी ग्लासात धरलं तर काचेसारखं नितळ असतं. त्या नितळ पाण्यात किती क्षार आहेत ते डोळ्यांना कधी दिसलं नाही, आणि घराघरांत किडनीचे पेशंट झाले तेव्हा क्रिएटिनीन हा शब्द आमच्या आयाबायांनाही पाठ झाला. पाणी मोजावं लागतं हे आम्ही जीव देऊन शिकलो. कापूस विकताना ओलावा आठ टक्के की बारा, यावर आम्ही ग्रेडरच्या समोर उभे राहून मीटरचा काटा बघतो, कमी-जास्त वाटलं तर दुसऱ्यांदा लावायला सांगतो. त्याच माणसाने गाडीच्या चाकाला लाथ मारून "आहे हवा" म्हणावं? पूर्वीच्या टायरचं चाक हवा कमी झाली की बसलेलं दिसायचं. आताचा रेडियल टायर ठीक असतानाही खाली थोडा फुगलेला दिसतो. त्यात ३३ आहे की २३, हे सांगणारा डोळा अजून जन्माला यायचा आहे.

म्हणून गेज. पेनासारखं दिसतं, खिशात मावतं. व्हॉल्व्हची टोपी काढायची, गेजचं तोंड सरळ दाबायचं, फुस्स होतं आणि मागून पांढरी पट्टी सुळकन बाहेर येते, तिच्यावर आकडे. तिरकं धरलं तर हवा निसटते आणि आकडा कमी येतो, दुसऱ्यांदा नीट बसतं. मोजून झालं की व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं बोट लावून बघायचं, बुडबुडा आला तर पिन गळते आहे. ही युक्ती पंक्चरवाल्यांची, आणि याहून स्वस्त तपासणी नाही. टोपी परत लावायची. आमच्या रस्त्यांवरच्या धुळीत टोपी नसलेला व्हॉल्व्ह म्हणजे उघडं ठेवलेलं तोंड.

स्वतःचं गेज का, तर हे असं. मी एकाच सकाळी घरून चारही चाकं ३३ करून निघालो आणि वाटेतल्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी फक्त मोजून घेतलं. पहिलं ठिकाण घरापासून हाकेच्या अंतरावर, तिथे २९. दुसऱ्या ठिकाणी ३८. तिसऱ्या ठिकाणी काट्याची काच फुटलेली होती, काटा ४० वर अडकलेला, नळी लावा नाहीतर काढा, तो तिथेच. तिथला माणूस आवाजावरून हवा भरत होता, मनापासून आणि मेहनतीने. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या हातात मेलेलं गेज देणाऱ्यावर आहे. पंपावर फुकट हवा देणं हे पंपवाल्याचं बंधनच आहे, पिण्याच्या पाण्यासारखं. पण खोट्या काट्याची फुकट हवा घेऊन काय करायचं? बाजार समितीतल्या वजनकाट्याला वैधमापनचा शिक्का लागतो आणि तो नसला तर शेतकरी माल उतरवू देत नाही. हवेच्या नळीपाशी आपण तशी चौकशी एकदाही करत नाही. पुढच्या वेळी करा. काटा चालत नसेल तर तक्रारवहीत लिहा. वही मागितली म्हणून कुणी खाऊन टाकत नाही.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ती शहाणी, काळजी घेणारी माणसंही करतात. गाडी चालवून आल्यावर मोजतात. स्टिकरवरचा आकडा थंड चाकाचा असतो. थंड म्हणजे गाडी तीन तास उभी, किंवा फार तर दीड किलोमीटर चाललेली. मे महिन्यात दुपारी तीन वाजता वरवट बकालहून शेगावला पोचलात, डांबर पोळतंय, चाकातली हवा साठ अंशांवर गेली आहे. तुम्ही पंपावर थांबून बरोबर ३३ करून घेता आणि समाधानाने घरी येता. रात्री चाक निवतं. पहाटे मोजा: २८ भरेल. पाच पीएसआय कुठे गळाली नाही, ती तिथे नव्हतीच. उलटंही होतं. सकाळी बरोबर भरलेली हवा दुपारी ३८ दिसते आणि लोक घाबरून काढून टाकतात. काढू नका. चालून ती चार-पाचने चढणारच, हे गाडी बनवणाऱ्याने स्टिकर लिहिताना धरलेलं असतं.

अकोल्याचा उन्हाळा आणि सातपुड्याच्या पायथ्याची थंडी, या दोन्हींच्या मध्ये आम्ही राहतो. मेच्या सकाळी तीस अंशांना ३३ भरा. एकही बुडबुडा गळला नाही असं धरा. डिसेंबरात पहाटे बारा अंश असताना तेच चाक ३० दाखवेल. त्यात चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दीड पीएसआय झिरपते. म्हणजे उन्हाळ्यात भरून विसरलेली गाडी थंडीतल्या लग्नसराईला बाविसावर धावते, आणि आत सात माणसं व आहेर.

उष्णतेने वस्तू वाढते आणि थंडीने आकसते, हे आमच्या गावच्या सुतार-लोहारांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव चढवताना मी लहानपणी पाहिली आहे. लोखंडी धाव मुद्दाम चाकापेक्षा बोटभर लहान घडवलेली. गोवऱ्यांच्या भट्टीत ती लाल करायची, तीन-चार जणांनी चिमट्यांनी उचलून चाकावर ठोकायची, लाकडातून धूर निघायचा, आणि लगेच बादल्यांनी पाणी. चर्रर्र आवाज होऊन धाव आवळायची ती अशी की आऱ्यांचे सांधे करकरायचे. धाव कधी चढवायची, किती लहान ठेवायची, उन्हाळ्यात लाकूड वाळून सैल झाली तर काय करायचं, हे सगळं त्यांच्याकडे नक्की होतं. अंदाजपंचे नव्हतं. आज शेतातला ट्रॅक्टर चालवणारा पोरगाही हे जाणतो. नांगरताना मागच्या चाकात हवा कमी ठेवायची म्हणजे माती दबत नाही आणि पकड राहते, ट्रॉली घेऊन डांबरीवर निघायचं तर वाढवायची, वजन हवं असेल तर टायरमध्ये पाणी भरायचं. तोच पोरगा कारमध्ये बसला की "पस्तीस टाक" म्हणतो. ज्ञान घरात आहे, ते अंगणातल्या ट्रॅक्टरवरून पोर्चमधल्या कारपर्यंत पोचलेलं नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत २००० च्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनने पासष्ट लाख टायर परत बोलावले. त्यातले बहुतेक फोर्ड एक्सप्लोरर या उंच गाडीला लागलेले. टायरचा वरचा थर सुटायचा, गाडी उलटायची. तिथल्या सरकारी यंत्रणेने या टायरांशी जोडलेले २७१ मृत्यू मोजले. घटना जास्त कुठे, तर टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा तापणाऱ्या राज्यांत. दोन कंपन्या एकमेकींवर ढकलत राहिल्या, आणि टायरच्या बनावटीतल्या दोषाबरोबर एका आकड्यावर जोरात भांडण झालं: फोर्डने त्या गाडीला २६ पीएसआय लिहून दिले होते, फायरस्टोनचं म्हणणं पडलं ३० हवेत. कुणी म्हणेल, मग स्टिकरवर तरी विश्वास का ठेवायचा? मी त्या प्रकरणातून वेगळं घेतो. आकडा २६ असला की चार पीएसआय नकळत झिरपली तरी चाक २२ वर येतं आणि तापायला लागतं. चुकायला जागा उरत नाही. म्हणजे आकडा पाळणाऱ्यानेही महिन्याला मोजलंच पाहिजे. त्या प्रकरणानंतर तिथे कायदा झाला आणि २००७ पासून नव्या गाड्यांत हवा कमी झाली की दिवा लावणारी यंत्रणा सक्तीची झाली.

तो दिवा आता आपल्याकडच्याही बऱ्याच गाड्यांत आहे. दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर, असं धरू नका. तिथल्या नियमाप्रमाणे तो चौथा हिस्सा हवा गेल्यावर लागायचा. ३३ ची पंचविसावर येईपर्यंत तो गप्प राहू शकतो.

नायट्रोजनचं विचारतात. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. टाकीतला नायट्रोजन कोरडा असतो, थोडा हळू झिरपतो, एवढा फायदा मान्य. पण तोही उन्हाने तितकाच वाढतो, थंडीने तितकाच आकसतो. नायट्रोजन भरला म्हणून सहा महिने न मोजणाऱ्यापेक्षा साधी हवा भरून महिन्याला मोजणारा सुरक्षित आहे.

ज्याला डिझेलचीच भाषा कळते त्याच्यासाठी: चारही चाकांत पाच पीएसआय कमी असली की मायलेज एखाद्या टक्क्याने उतरतं. हे थोडं आहे. टायर मात्र थोडका जात नाही. खाली वाकून बघा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी चालवलीत. मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट. खाचेतला उंचवटा नक्षीला टेकला असेल, म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली असेल, तर टायर संपला. आणि कडेवरच्या शेवटच्या चार आकड्यांत टायरचं वय असतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सेकंडहँड गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज अर्धा तास ऐकतात. हे चार आकडे वाचायला अर्धं मिनिट लागतं.

वजनाचं मात्र थांबून सांगतो, कारण आपल्याकडे ते रोज घडतं. शेगावहून खामगाव, मेहकर, लोणार करत पंढरपूरला जाणारा पालखी मार्ग झाला आणि गाडी घेऊन विठोबाला जाणारी घरं वाढली. पाच जणांच्या गाडीत सात. डिकीत स्वयंपाकाची भांडी, गहू, गॅसची शेगडी. मागची चाकं निम्मी झाकली जातात. स्टिकरवरची दुसरी रांग अशाच दिवसासाठी छापली आहे. निघायच्या पहाटे, माणसं आंघोळी करत असताना, मागच्या चाकांना तो मोठा आकडा द्या. परत आल्यावर पुन्हा उतरवा. दोन्ही वेळा मिळून पाऊण तासही जात नाही. गाडीला हार घालायला, नारळ फोडायला आपण तेवढा वेळ देतोच, द्यावाही. नारळाच्या आधी गेज लावा.

आणि पाचवं चाक. सोनाळ्याकडून येताना, अंबाबरव्याच्या जंगलाची हद्द नुकतीच मागे पडली होती, दिवेलागणीला माझं पुढचं चाक धारदार दगडावर कापलं. जॅक होता, पाना होता, स्टेपनी चढवली, जॅक उतरवला आणि गाडी त्या कोपऱ्यावर खाली बसली. गेज लावलं. १२. मागून आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्या भाऊंनी जवळच्या वस्तीवरून सायकलचा पायपंप आणला. आम्ही दोघं आळीपाळीने मारत होतो, शंभर झाले की दुसरा. किती मारले ते मोजणं सुटलं. पंचवीसवर थांबलो आणि वीसच्या वेगाने घरी आलो. २०२० च्या नियमाने, ट्यूबलेस टायर, हवेचा इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असलेल्या गाडीला स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. जिच्यात आहे तिच्यात मात्र तिची हवा बघायला कुणीतरी डिकी रिकामी करायला हवी.

परवा पुन्हा त्याच पंपावर गेलो, सकाळी सातला, चाकं थंड. पोराने नळी ओढत आणली. "काका, किती टाकू?" मी दार उघडलं आणि खांबावर बोट ठेवलं. तो वाकला, मोठ्याने वाचलं, "पुढे तेहतीस, मागे तेहतीस." मग थांबून म्हणाला, "अन् मोटरसायकलवर कुठी लिहेल राहते?"

त्याची गाडी भिंतीला टेकलेली होती. आम्ही दोघं तिच्यापाशी बसलो. चेनकव्हरवर चिखल वाळला होता, त्याने नखाने खरवडला. खाली स्टिकर निघाला. पुढे २५, मागे एकट्याला २८, डबलसीटला ४१. टुनकीहून तो रोज बहिणीला मागे बसवून आणतो, तिला कॉलेजला सोडून मग पंपावर येतो. मी खिशातून गेज काढून त्याच्या हातात दिलं. टोपी त्यानेच काढली, मागच्या चाकाला लावलं, पट्टी बाहेर आली.

"एकोणीस," तो म्हणाला, आणि माझी गाडी तशीच सोडून नळी ओढत मोटरसायकलकडे घेऊन आला.